प्रवीणने कार्डाला हात लावला तेव्हा

प्रवीण घाबरलाय, हे मला तो जायच्या सतरा दिवस आधी कळलं होतं.

मी विचारलं नाही.

आज वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रवीण मूळचा नागपूरचा. लंडनच्या हॅरोत राहायचा, एका बँकेची सॉफ्टवेअर्स सांभाळायचा, आणि वर्षातून एक वीकेण्ड मँचेस्टरच्या गेमिंग कन्व्हेन्शनमध्ये कुऱ्हाडवाला बुटका योद्धा असायचा.

मी तिथे गेममास्टर. म्हणजे मी गोष्ट सांगायची, टेबलाभोवतीच्या चौघांनी त्यातली पात्रं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. पन्नाशीला टेकलेली, मॉर्गेज आणि ब्लडप्रेशरवाली माणसं. गळ्यात नावाच्या बिल्ल्याचं लॅनयार्ड. शाळेत कुणी खेळायला घेतलं नाही, त्याचा सूड.

प्रवीणची बायको, अर्चना वहिनी, म्हणायच्या, "त्यापेक्षा दारू प्या हो तुम्ही दोघं. लोकांना सांगता तरी येईल."

आमच्या टेबलावर मधोमध एक कार्ड असतं. त्यावर मोठी फुली.

गोष्टीतलं काही सहन होईना झालं, की त्या कार्डाला हात लावायचा. गेममास्टरने तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं.

आणि का, हे कुणी विचारायचं नाही. नंतरही नाही. हा नियम.

मी या कार्डाची भरपूर टिंगल केली आहे. याच वॉलवर. लाइक्सही चांगले पडले होते.

त्या शनिवारी मी भुताची गोष्ट चालवत होतो. प्रवीणचं पात्र तळघरात झोपलेलं. मी आवाज खाली आणला. मला ते जमतं, असा माझा समज आहे.

"तुला जाग येते. छातीवर काहीतरी बसलंय. ओझं वाढतंय. डावा हात तुझा राहिलेला नाही. जबडा दुखतोय. घाम आहे, पण गार. हाक मारावीशी वाटते, पण..."

प्रवीणने कार्डाला हात लावला.

बारा वर्षांत पहिल्यांदा. हा माणूस ड्रॅगनच्या पोटात बसून जोक मारायचा.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पाहायचं थांबवलं.

"सकाळ झाली," मी म्हणालो. "पक्षी वगैरे."

सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा.

परतताना मोटरवेवर सर्व्हिसेसना चहाला थांबलो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला,

"ते छातीवालं कुठून आणलं बे तू?"

"इंटरनेटवरून. का रे?"

"काही नाही. करेक्ट होतं. एकदम करेक्ट."

मी ती दाद समजलो.

थँक्यू म्हणालो मी त्याला.

सतरा दिवसांनी, सकाळी ऑफिसला निघताना, घराच्या जिन्यात. अॅम्ब्युलन्स आली तोवर सगळं संपलं होतं.

क्रिमेटोरियममध्ये बुद्धवंदना झाल्यावर त्याची मुलगी यशा माझ्याजवळ आली. तेव्हा अठराची. जन्म इथला, मराठीही इथलंच.

"काका, मँचेस्टरला बाबा ओके होता ना? काही बोलला का तो?"

"एकदम मजेत होता."

लिहिणाऱ्या माणसाला खोटं सुचायला वेळ लागत नाही.

त्यानंतरचं वर्ष मी भीतीत काढलं. फोनवर यशाचं नाव उमटलं की मी तो वाजू द्यायचो. साउथहॅम्प्टनला, माझ्या ऑफिसच्या कारपार्कमध्ये गाडी बंद करून नुसता बसायचो. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "काहीच त्रास नव्हता हो यांना. एकदम झालं." सगळे मान हलवायचे.

मीही.

गेल्या महिन्यात यशाचा मेसेज आला. "काका, मी पण कन्व्हेन्शनला येते. बाबाची सीट आहे ना?"

आली. बसली. मी कार्ड मध्ये ठेवलं.

"हा काय आहे?"

आमच्यातल्या डेव्हने हौसेने समजावलं. हात लावला की खेळ थांबतो, नो क्वेश्चन्स आस्क्ड.

"बाबाने कधी टच केला?"

डेव्ह एकदम आपल्या फाशांकडे बघायला लागला. मग सगळेच. मग सगळे माझ्याकडे.

मी तिला बाहेर नेलं. माल उतरवतात त्या लोडिंग बेपाशी, डब्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून सगळं सांगितलं. तळघर, छाती, करेक्ट, थँक्यू. हे विनोदाने लिहायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

आता ती ओरडेल, म्हणून मी वाट बघत होतो.

"मला माहीत होता, काका," ती म्हणाली. "तो जिन्यावर बसायचा. हात असा छातीवर. अॅसिडिटी आहे म्हणाला. मम्मीला नको सांगू, ती पॅनिक होते. मी नाही सांगितला."

मग म्हणाली, "आणि तुम्ही म्हणाला मजेत होता. सो मला वाटला, फक्त मीच बघितला. आणि मीच गप्प बसली."

तोवर मी स्वतःसाठी घाबरत होतो. तिथे पहिल्यांदा स्वतःला घाबरलो.

माझी कातडी वाचावी म्हणून मी एका पोरीला वर्षभर एकटं ठेवलं होतं.

"मम्मीला कोण सांगणार?" तिने विचारलं.

"मी. आधी माझं सांगतो. मग तुझं तू."

रविवारी हॅरोच्या त्या किचनमध्ये दोघांनी सांगितलं. वहिनींनी गॅस बंद केला. यशाला जवळ ओढलं, तिचं डोकं कितीतरी वेळ धरून ठेवलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"तुम्ही विचारलं असतं तरी ते खोटंच बोलले असते, भाऊजी."

मी श्वास सोडणार इतक्यात म्हणाल्या,

"पण विचारायचं होतं हो."

हे त्यांना वाचून दाखवून इथे टाकतोय. एकही शब्द बदलू नका म्हणाल्या.

प्रव्या, काय होतंय रे तुला?

जय भीम, मित्रा.