डॉक्टरला हसवणारी डोकेदुखी

बायको गेल्यावर माझ्या गप्पा ऐकणारा केनवड गावात एकच उरला, दवाखान्यातला डॉक्टर. डोकं दुखलं की मी हजर.

"डॉक्टरसाहेब, डोक्यात थ्रेशर लागलं हाये, अख्ख्या तालुक्याचं सोयाबीन निघून राह्यलं!"

तो पोट धरून हसायचा, गोळ्या द्यायचा.

पुढच्या खेपेला म्हणालो, "एक एसटी येते, मले दोन दिसतात, अन् दोन्हीत जागा नाही!"

तो आणखी हसला. त्याच्या सांगण्यावरून चष्मा बदलला.

मग एकदा गेलो आणि शब्दच सापडेनात. नुसता बसून राहिलो. त्याचं हसू मावळलं.

"काका, तुमी गप्प काहून?"

त्याने लगेच अकोल्याला स्कॅनला धाडलं. मेंदूत गाठ निघाली.

त्याआधी घरात कितीतरी दिवस मी असाच गप्प होतो. पण तिथे विचारणार कोण?