सेल्फचा ताप

आमच्या गाडीला ताप यायचा. डोक्याला ताप आम्हाला व्हायचा तो वेगळा. पण खराखुरा, हात लावला तर चटका बसेल असा ताप तिच्या सेल्फला यायचा. बटण दाबलं की इंजिनाला पहिली गिरकी देणारी ती छोटी मोटर, तिला सगळेच सेल्फ म्हणत.

एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं होती आणि आम्ही मुलुंडला राहत होतो. नवरा औषधांच्या कंपनीत होता. दवाखाने फिरायला हवी म्हणून त्याने एक जुनी विलायती गाडी घेतली. इथवर सगळं ठीक होतं. पण मग त्याने कुठेतरी शर्यतीच्या गाड्या पाहिल्या, आणि इंजिनाचा धूर बाहेर नेणारा जाडजूड ओतीव भाग काढून घाटकोपरच्या एका मिस्त्रीकडून चार वाकड्या नळ्या बसवून आणल्या. गाडी गुरगुरायला लागली. कोपऱ्यावरचं कुत्रं तिला पाहून घरात पळायचं.

"आवाज बघ ना! झकास!" नवरा म्हणाला.

त्या झकास नळ्यांमधली एक सेल्फच्या अगदी कुशीतून जात होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी गाडी एका बटणात चालू व्हायची. आग्रा रोडने घाटकोपरला जायचं, कुणाकडे चहा घ्यायचा, बाहेर येऊन बटण दाबायचं, की आतून फक्त "टक्" असा आवाज. अर्धा तास नुसतं बसून राहिलं तर पुन्हा बिनतक्रार चालू. समोरून फिरवून इंजिन चालू करायचं हँडल होतं, पण त्याने एकदा उलटा झटका देऊन नवऱ्याचं मनगट मुरगाळलं होतं, तेव्हापासून ते डिकीत पडून होतं. म्हणजे उरलं ढकलणं. आणि ढकलायचं कोणी? नवऱ्याचं उत्तर तयार होतं.

"ज्याला चालवता येतं तो आत बसणार ना? तुला येतं का चालवता?"

मला येत नव्हतं. म्हणून मी पदर खोचून ढकलायची आणि हा आत बसून "अजून थोडं, अजून थोडं" करायचा. सगळी गल्ली खिडकीत यायची. मला लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा जास्त राग यायचा. त्या रागातच मी ठरवलं की मी गाडी शिकणार, लायसन काढणार आणि आत बसून "अजून थोडं" म्हणणार.

मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, नन्नाचा पाढा लावला. ते गिरणीच्या बॉयलरवरून निवृत्त झालेले, आवाजही बॉयलरसारखा. "सून गाडी ढकलते हेच मला बघवत नाही. चालवताना तर मुळीच बघवणार नाही!" मी हटून बसले तेव्हा त्यांनी अट घातली. महिनाभर गाडी एकदाही न ढकलता घरी आली, तर खुशाल लायसन काढ. ही गाडी आणि महिनाभर! त्यांना वाटलं, विषय संपला.

आधी गाडी मिस्त्रीला दाखवली. त्याने सेल्फ उतरवून टेबलावर ठेवला आणि बॅटरीची तार लावली. थंडगार सेल्फ गरगर फिरला. "बाई, ह्याला काय झालंय? एकदम टकाटक!" म्हणून त्याने तो परत बसवून दिला. म्हणजे दुखणं असं, की डॉक्टरकडे गेलं की बरं होणार.

मी घरी येऊन सासूबाईंपुढे रडगाणं गायले. त्या मालवणकडच्या, भाकरी थापत होत्या. "ताप इलो तर पट्टी ठेवतत," त्या म्हणाल्या. त्या चेष्टा करत होत्या, मी मात्र खरंच ठेवली. पुढचे काही दिवस मी पाहुणी म्हणून जाईन तिथे पिशवीत तांब्या आणि फडकं. चहा झाला की बॉनेट उघडायचं आणि सेल्फवर ओली पट्टी. पाणी चर्र करायचं, वाफ निघायची. एका घरच्या आजींनी गाडीची काहीतरी पूजा समजून हात जोडले. पण पाच-दहा मिनिटांनी सेल्फ लागायचा! म्हणजे रोग तापच होता.

पण हा उतारा झाला. ताप येऊच नये म्हणून काय करायचं? आणि गाडी धावताना काही होत नाही, थांबल्यावरच का होतं?

"गो, धावताना वारो लागता," सासूबाई म्हणाल्या. "थांबली की उकडता. लोण्याचो गोळो चुलीशेजारी ठेवलंस तर पाघळतलोच. मध्ये काय तरी आड लाव मां!"

मी त्यांचाच पापडाचा डबा घेतला, त्याचा पत्रा कापला आणि नळी व सेल्फ यांच्या मध्ये दोन स्क्रूंवर उभा केला. दोन्ही बाजूंना बोटभर फट ठेवली, वारा खेळावा म्हणून. मग मामंजींकडे गेले आणि साळसूदपणे विचारलं, "बॉयलरच्या नळ्यांना तुम्ही काय गुंडाळायचात हो?" आपल्या कामाबद्दल कोणी विचारलं की ते विरघळायचे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या दोरीवर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं आणि दुसऱ्या दिवशी जुन्या ओळखीवर वेटोळं आणूनही दिलं. कशाला, ते विचारायचं राहूनच गेलं. नळीला दोरी घट्ट गुंडाळली आणि गाडी थांबली की बॉनेट उघडायची शिस्त लावली.

महिना गेला. गाडी एकदाही ढकलावी लागली नाही. मामंजी रोज फाटकात उभे राहून वाट बघत होते. कशाची, ते त्यांनाच ठाऊक. पण शब्दाचे पक्के. त्यांनी होकार दिला आणि मी नवऱ्याच्या मानगुटीवर बसून गाडी शिकले.

लायसनच्या परीक्षेच्या दिवशी तिथल्या साहेबांनी मला तळपत्या उन्हात तासभर फिरवलं. मग म्हणाले, "बंद करा." कागदावर काहीबाही लिहीत बसले. बॉनेट उघडायची सोय नव्हती. नळ्या इकडे तापताहेत, पत्रा तिकडे काय करतोय देव जाणे. "हं, चालू करा आता." मी बटण दाबलं. गाडी गुरगुरली. मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

लायसन मिळालं आणि पुढच्या रविवारी आम्ही सगळे गाडीने घाटकोपरला गेलो. मी चालवत होते. निघण्याआधी मी दोन स्क्रू काढून पत्रा सीटखाली सरकवला होता आणि दोरीही सोडवून ठेवली होती. चहा झाला, बाहेर आलो, बटण दाबलं. "टक्".

"वाट लागली!" नवरा म्हणाला.

"अहो, उतरा ना," मी म्हणाले. "ज्याला चालवता येतं तो आत बसणार."

"पण मला येतं की!"

"मी बसलेय ना आत."

इस्त्रीच्या शर्टात त्याने गाडी ढकलली. खिडक्या उघडल्या. मी सावकाश, चवीने म्हणाले, "अजून थोडं, अजून थोडं." मामंजी पुढच्या सीटवर ताठ बसून समोर बघत होते.

मागे सासूबाई होत्या. त्यांच्या पायाला सीटखालचं काहीतरी लागलं. त्यांनी वाकून पाहिलं. स्वतःच्या डब्याचा पत्रा त्या ओळखणार नाहीत होय? त्यांनी तो हळूच परत आत सरकवला, पुढे झुकल्या आणि मामंजींच्या ताठ मानेकडे बघत माझ्या कानाशी कुजबुजल्या,

"ह्यांका पण एकदा ढकलूक लाव गो."