अक्कांच्या पानावरची शेवटची ओळ

‘‘सोपं आहे, मी सांगतो ना!’’ असं ऑफिसात कुणी म्हटलं की अक्कांचा चेहरा उतरायचा. ‘‘तोंडी नको बाबा. पानावर लिही. उद्या तू नसलास तर?’’ नगरच्या एमआयडीसीत आम्ही साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम करायचो. काही बंद पडलं तर काय करायचं, याची पानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होती. ती जुनी होतील या धास्तीत ही बाई कायम असायची.

मी कामाला लागलो तेव्हा अक्कांनी मला एक पान उघडून दिलं आणि स्वतः मागे पदर तोंडाशी धरून बसल्या. एक अक्षर सांगतील तर शपथ! मी अडलो तशा उठल्या आणि पानच दुरुस्त करायला लागल्या. ‘‘तू न्हाई चुकला. पान चुकलं.’’ अक्का काष्टी गावच्या. घाबरल्या की गावची बोली बाहेर यायची, म्हणजे बहुतेक रोजच.

त्यांची पानं त्यांच्यासारखीच बोलायची. ‘इथे स्क्रीन काळी पडेल. घाबरू नका. कशाला हात लावू नका, पाणी प्या.’ आम्ही चेष्टा करायचो. आणि प्रत्येक पानाखाली एकच ओळ : ‘तरीही अडलात तर अक्कांना फोन करा.’ पुढे त्यांचा नंबर.

ऐन गळिताच्या हंगामात अक्कांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नेलं, आणि नेमका त्याच सकाळी एका कारखान्याचा काटा बंद पडला. ‘‘ट्रॅक्टरच्या रांगा पार हायवेला लागल्यात, काय करताय तुमी?’’ तिकडून सुपरवायझर ओरडत होता. पान उघडलं, एकेक करत गेलो. स्क्रीन काळी पडली. देवाशपथ सांगतो, मी पाणी प्यालो. काटा सुरू झाला.

दोन-चार दिवसांनी अक्कांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

‘‘कुठं अडलास?’’

‘‘कुठंच नाही, अक्का.’’

‘‘खरं सांग. जिवाला घोर लागलाय माझ्या.’’

‘‘एका बटणाचं नाव बदललंय, तेवढंच.’’

‘‘मग माझ्याशी काय बोलत बसलास? ते आधी नीट कर!’’

ते आमचं शेवटचं बोलणं. अक्का घरी परत आल्याच नाहीत.

पानावरचं बटणाचं नाव मी त्याच दिवशी बदललं. खालच्या ओळीला मात्र हात लावायचं धाडस कुणाचं झालं नाही. पुढे ऑफिसात एक नवीन मुलगी आली. काम करताना अडली, आणि पानावर लिहिलं होतं तसा तिनं फोन लावला. तो अक्कांच्या यजमानांनी उचलला. मग त्यांचा मला फोन आला.

‘‘पानावर अजून हिचंच नाव हाय व्हय? हिला चालायचं न्हाई ते.’’

रडत रडतच अक्कांचं नाव खोडलं. तिथं माझं घातलं.

आता फोन वाजला की छातीत धस्स होतं. तरी आधी तोंडातून तेच येतं, ‘‘कुठं अडलात?’’