वेदीवरची कमान

आमचे मामा गवंडी. त्यांच्या आजोबांपासून चर्चची डागडुजी आमच्याच घरात. चर्च तीनशे वर्षांचं. दोन हात जाड दगडी भिंती आणि दर्शनी बाजूला दोन बुरुज, त्यातला डावा अर्धाच. बांधणारे साथीत गेले आणि उरलेल्यांनी हात टेकले. आत वेदीवर मोठी गोल कमान आणि सगळ्याला चुन्याचा गिलावा. फादर रागावले तर मामा खाली मान घालून ऐकून घेत, पण चुन्याच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत. चुना खड्ड्यात सहा महिने भिजलाच पाहिजे. कुणी घाई केली की म्हणत, "एवढी गडबड असेल तर तंबू ठोका."

मग त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं, दोन महिन्यांवर. कमानीचा गिलावा ओलीने काळा पडून गळत होता आणि चुन्याचा खड्डा रिकामा होता. मामी म्हणाली, "जन्मभर देवाचं घर रंगवलंत, आणि पोरगी त्या काळ्या डागांखाली उभी राहणार?"

तेव्हा मी मामांच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला, दोन पोरांचा बाप. अक्कल असायला हवी होती. मीच म्हणालो, "मामा, सिमेंट मारू. वरून चुन्याचा हात दिला की कोणाला कळतंय?"

मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी "आण" एवढंच म्हणाले. लग्न झालं की काढून टाकायचं, असं आमचं ठरलं होतं.

लग्नात कमान अशी झळकली की लोक नवरीपेक्षा वरच बघत होते. मामांनी मात्र मान वर केली नाही. सिमेंट काढायचं ते पुढच्या उन्हाळ्यावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. आज करू, उद्या करू, असं करत तीन वर्षं गेली.

चुना सुटला तर त्याचे पापुद्रे पडतात. अंगावरून झटकले की झालं. सिमेंटमागे ओल कोंडते आणि ते पडतं ते अख्ख्या लादीसारखं. एका शनिवारी दुपारी मामी वेदीवरचं कापड बदलत होती. ती जागीच गेली.

"जुनी इमारत, कोण काय करणार?" असं सगळे म्हणाले. दफनाच्या वेळी फादरही तेच म्हणाले. ते ऐकून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही किळस येते.

एका संध्याकाळी न राहवून मी म्हणालो, "मामा, मी सांगून टाकतो सगळं."

"सांग. आणि पोरीला काय सांगशील? तुझ्या लग्नापायी आई गेली म्हणून?"

मी फादरांकडे गेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामा परांचीवर चढून उरलेलं सिमेंट छिन्नीने काढायला लागले. गुडघे साथ देत नव्हते, पण मला हात लावू देईनात. महिन्याभरात कमान उघड्या दगडावर आली. मुलगी चहा घेऊन आली आणि कितीतरी वेळ वर बघत राहिली.

"बाबा, माझ्या लग्नात किती पांढरीशुभ्र दिसत होती हो. पुन्हा अगदी तशीच करा. आईला फार आवडली होती."

मामांची छिन्नी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"करतो," ते म्हणाले.