बोआतेमाने बाजारात वाचलेला प्रबंध

कुमासी शहरातल्या आमच्या विद्यापीठात बोआतेमा प्रश्नावल्या भरून आणायचं काम करायची. बाजारातल्या बायका व्यापार कसा करतात यावर प्राध्यापक प्रबंध लिहायचे आणि त्यासाठी उन्हातान्हात हिंडून माहिती जमवायची ती. एकोणीस वर्षं तिने हेच केलं.

एकदा टोमॅटो विकणाऱ्या पोमा मावशींनी तिला हटकलं, "दरवर्षी येऊन विचारून जातेस. त्याचं पुढं काय होतं, ते कधी सांगितलंस का गं?"

ते तिला फार लागलं. पुढच्या आठवड्यात ती छापील प्रबंध घेऊनच बाजारात गेली आणि बायकांना तो त्यांच्या ट्वी भाषेत सांगू लागली. 'या स्त्रिया भीतीपोटी बँकेत जात नाहीत' हे वाक्य आलं आणि एकच हशा पिकला.

"भीती कसली डोंबलाची!" पोमा मावशी म्हणाल्या. "बँक उघडते तेव्हा आमचा माल ट्रकमधून उतरत असतो. टोमॅटो काय तुझा प्राध्यापक विकणार?"

बोआतेमाने हे जसंच्या तसं प्रबंध लिहिणाऱ्या डॉक्टर आम्पोफोंना सांगितलं. ते चिडले. "भीतीवर खूण तूच केली होतीस ना?"

"हो सर. पण वेळ मिळत नाही, असा पर्यायच तुम्ही दिला नव्हता."

नवी प्रश्नावली मात्र डॉक्टरांनी मावशींच्या टोपल्यांशेजारी बसून लिहिली. मावशींनी निम्मे प्रश्न खोडायला लावले. आता आमच्या विभागातला प्रत्येक प्रबंध छापण्याआधी बोआतेमा बाजारात वाचून दाखवते.