रुख्मिणीअक्काची दहा वर्षं

लिही प्रगती, तुह्या वहीत. नाव लिही, रुख्मिणी धोंडीबा खिल्लारे. माही मोठी जाऊ, तुही मोठी आजी. गाव आपलंच, तेलंगणात, तलमडुगुच्या पल्याडचं. वय मी मंग सांगते. त्या वयापायीच सारं झालं, आन् ते माह्या तोंडानं झालं.

धोंडीबा भाऊजी गेले तवा तिचा संघपाल सातवीत होता. तवापासून अक्कानं दुसऱ्याच्या वावरात कापूस येचला, मंग पोरीईच्या सरकारी वसतिगृहात सैपाकाले लागली. वसतिगृह गावापासून दीड कोस. पाहाटे जायची, दुपारी घरी यायची, संध्याकाळच्या सैपाकाले परत जायची. ऑटोत कधी बसली नाही. म्हने, ऑटो भरायची वाट पाहत बसंन तवरिक मी पोचते.

तिची चाल तुले मालूमच हाय. कापसाचं गठुडं आमी बी डोक्यावर आनायचो, पन आमचं डुलायचं. तिचं नाही डुलायचं. मान ताठ, खांदे जागेवर, आन् खाली पाय नुसते झपझप. मागून पाह्यलं तं वाटे गठुडंच एकटं हवेत चाललं.

आता आधारची गोष्ट. आधारवाले शाळेच्या व्हरांड्यात मशीन घेऊन बसले होते. डोळ्याचा फोटो काढत, बोटं दाबून घेत. आमी दोघी जावा लाईनीत. आमच्या पिढीत बायाईचं वय कोनं लिहून ठेवलं होतं? पूर, दुष्काळ, कोनाचं लग्न, अशी आमची गिनती. अक्काचं एवढं पक्कं की निजामाचं राज गेलं त्या साली ती रांगत होती. तिच्या मायनं तिले पोटाशी धरून दोन रोज ज्वारीत लपून काढले होते. हे सासूबाई सांगायच्या, अक्काच्या माहेरचे नरसिंगराव बी सांगायचे. म्हनजे आधारच्या टायमाले ती चौसष्टची.

मशीनवाल्या पोरानं इचारलं, अम्मा, वय किती. अक्का माह्याकडं पाहाले लागली. तिले आकडा सांगायची सवयच नव्हती. आन् माह्या डोक्यात आलं की वसतिगृहात साठ झाले की घरी बसवतात, असं बोलून राह्यले होते लोक. संघपालची तवा नोकरी लागायची होती. मी पुढं होऊन म्हनलं, लिही बाबा, चौपन्न. त्यानं बी हिशेब केला आन् जानेवारीची पहिली तारीख ठोकली. आपल्या गावच्या निम्म्या बाया एकाच रोजी जलमल्या, कागदानं.

वाटेनं अक्का हसून हसून बेजार. म्हने, "धाकले, तू तं मले माह्या लहान्या भावाहून लहान केलं." मी म्हनलं, घे दहा वर्षं, भाकरी थाप. आन् तिनं थापल्या. सत्तरची होईस्तोवर तीनशे पोरीईचा सैपाक केला. ती निघाली तवा तिच्या जागेवर तुह्या आईले घेतलं. हे ध्यानात ठेव, पुढं कामी येते.

घरी बसली तरी अक्काचं चालनं काही सुटलं नाही. वसतिगृह नाही तं नाही, पाहाटे उठून तिथवर जाऊन परत यायची. एका रोजी आदिलाबादच्या एका शाळेतली खेळाची मास्तरीन, सुनयना टीचर, स्कुटीवरून चालली होती. तिनं अक्काले पाह्यलं आन् स्कुटी हळू करून बाजूले घेतली, पन उतरली नाही. अक्काच्या संगंसंगं गाडी चालवत, स्पीडच्या काट्याकडं पाहत, अर्धा कोस आली. अक्काले वाटलं बाई रस्ता चुकली.

मंग टीचरनं सांगतलं. म्हने, म्हाताऱ्या लोकाईच्या बी शर्यती होतात. पाच पाच वर्षाचे गट पाडतात, साठचे वेगळे, पासष्टचे वेगळे, पंच्याहत्तरचे वेगळे. त्यात चालायची बी शर्यत असते. एक पाय जमिनीवर पाह्यजेच, पुढचा पाय टेकला की गुडघा सरळ पाह्यजे, आन् पळाली तं लाल पाटी दाखवून बाहेर काढतात. अक्कानं सारं आयकून घेतलं आन् म्हने, हे तं मी रोजच करते, याचं मेडल देतात का.

गावात लय बोलले लोक. टीचरनं बूट दिले, पँट दिली, तं बाया म्हनायच्या, अक्का आता पोलीसभरतीत चालली. आपल्या शेजारच्या सुभद्रानं तं तोंडावर म्हनलं, या वयात मांड्या दाखवतंस का. अक्कानं पँटीवर लांब कुर्ता घातला, ओढनी कमरेले खोचली, आन् तिलेच म्हनली, चाल, तू बी ये, तुह्या पोटाले बरं. दर आयतवारी आदिलाबादच्या मैदानावर जायची. साडेबारा चकरा, म्हनजे पाच किलोमीटर. जिल्ह्याच्या शर्यतीत पयली आली. तीनच बाया होत्या, पन पयली ते पयलीच.

राज्याच्या शर्यतीचा फारम भरताना टीचरनं सहज इचारलं, अम्मा, खरं वय किती. अक्कानं आपली ज्वारीची गोष्ट सांगतली. टीचरनं बोटावर मोजलं, सत्याहत्तर. आधार पाह्यलं, सदुसष्ट. ती खालीच बसली. मंग मोबाईल काढून दाखवलं की पंच्याहत्तरच्या गटात राज्याचा विक्रम चाळीस मिनिटावर हाय, आन् अक्का अडतीस मिनिटात चालून राह्यली. पासष्टच्या गटात तिचा नंबर लागनं मुश्कील, तिथं सदतीसच्या आत चालनाऱ्या बाया हायत. पन आपल्या खऱ्या गटात उतरली तं विक्रम तिचा. फकस्त कागद बदलून आना, म्हने. तीन महिने हायत.

त्या संध्याकाळी अक्का माह्याजवळ बसली. तिनं जलमात कोनाले काही मागतलं नाही, मले तं नाहीच. त्या रोजी म्हनली, "धाकले, माहं नाव आजवर कुठं लागलं नाही. मजुरीच्या कागदावर बी धोंडीबाची बायको, एवढंच. एकडाव लागू दे."

मी म्हनलं, लागंन ना अक्का, मी हाय.

तहसीलमध्ये दरखास्त दिली. जलमाचा दाखला काढाले दोन जुनी मानसं गवाही पाह्यजे, म्हने. एक नरसिंगराव. नव्वदीले आलेले, काठी टेकत आले आन् सही करून गेले. दुसरी मी. म्हनजे पुरं काम माह्या अंगठ्यावर अडलेलं.

कारकून चांगला होता, त्याले काऊन दोष देऊ? त्यानं मले खुर्ची दिली. तेलुगू-हिंदी मिसळून इचारलं की आधारमध्ये हे वय कोनं सांगतलं होतं. मी पदर सारखा केला. त्यानं इचारलं, नोकरी केली का कुठं, तिथं बी हेच वय लागलं होतं का. मंग आपलं आपल्यालेच बोलल्यासारखा म्हने, असं आसंन तं एन्क्वायरी लागू शकते.

मले वाटलं, आता वसतिगृहाचे कागद निघतीन, खोटं वय सांगनारी मी निघंन, आन् त्याच वसतिगृहात माही सून हाय, तिले घरी बसवतीन. तुह्या आईले दोष देऊ नको पोरी, तिले मी इचारलं बी नव्हतं. सारं माह्याच डोक्यात शिजलं, तेवढ्या एका घडीत.

मी म्हनलं, "साहेब, मले नाही मालूम. कागदावर हाय तेच बरोबर आसंन."

अक्का बाजूलेच बसली होती. तिनं माह्याकडं पाह्यलं. राग नव्हता त्यात, राग असता तं बरं झालं असतं. कारकुनानं तिले इचारलं, दुसरी कोनी गवाही हाय का. अक्का म्हने, नाही जी, हीच एक होती. आन् उठली.

परतीच्या बसमध्ये तिनं मले खिडकीजवळ बसवलं, कारन मले मळमळते. वाटेत फुटाने घेतले, अर्धे मले दिले. मी ते गाव येईस्तोवर मुठीतच धरले.

शर्यत वरंगलजवळ हनमकोंड्याले होती. संघपालनं आमाले दोघीईले नेलं. मले वाटलं होतं पासष्टच्या बाया वेगळ्या चालतीन, पंच्याहत्तरच्या वेगळ्या. तसं नव्हतं. चालायच्या शर्यतीत साऱ्या वयाच्या बायाईले एकाच टायमाले सोडतात, फकस्त पाठीवरचा आकडा वेगळा. म्हनून मले सारं डोळ्यानं पाहावं लागलं.

अक्का कशी चालली, काय सांगू तुले. मान तशीच. खांदे तसेच. पाचव्या चकरेत ती पंच्याहत्तरच्या गटातल्या साऱ्यात पुढच्या बाईच्या बराबरीनं आली आन् पुढं निघाली, म्हनजे एक पुरी चकर वरचढ. दहाव्या चकरेत आनखी एकडाव तिले मागं टाकलं. संघपाल मोबाईलवर टाईम पाहत होता. सदतीस मिनिटं, पन्नास सेकंद. पासष्टच्या गटात चौथी. मेडल तिघीईलेच.

ती बाई, जिले अक्कानं दोनदा मागं टाकलं, ती बाकीच्या चकरा संपवून पाठीमागून आली. वरंगलकडची रिटायर मास्तरीन होती, लय गोड. तिले सोन्याचं मेडल भेटलं, माईकवर नाव घेतलं, साऱ्या लोकाईनं टाळ्या वाजवल्या. ती खाली उतरून अक्काजवळ आली, गळ्यात पडली आन् हिंदीत म्हनली, "बहन, तू तो अभी जवान है. मेरी उमर में आएगी ना, तब सबको हराएगी."

अक्कापेक्षा एक वर्षानं लहान होती ती, सत्तर आन् सहा. अक्का हसली. तिच्या गळ्यातलं मेडल हातात घेऊन पाह्यलं, उलटं करून पाह्यलं, आन् म्हने, अच्छा है. मी थोड्या दूर पिशवी घेऊन उभी होती. मले वाटलं आता तरी ओरडावं, की ही सत्याहत्तरची हाय, म्या खोटं सांगतलं. पन तिथं माहं कोन आयकनार? आन् ओरडायची जागा होती ती तहसीलमध्ये, तीन महिन्याआधी.

घरी आल्यावर संघपालले मी सारं सांगतलं. तो काही मले बोलला नाही. फकस्त एवढं म्हने की काकू, आई रोजंदारीवर होती, त्या काळचं वसतिगृहाचं रजिस्टर बी आता कोनाजवळ नाही. कायची एन्क्वायरी आन् कायचं काय. आन् तुह्या आईनं तं दिवाळीनंतर सोताच काम सोडलं, अंगनवाडीत लागली. जी नोकरी वाचवाले मी अक्काचं नाव बुडवलं, ती नोकरी सहा महिने बी घरात राह्यली नाही.

मंग मी ठरवलं, आपून जाऊ आन् खरं सांगू. नरसिंगरावच्या घरी निरोप धाडला. तिकडून त्यायच्या नातवानं सांगतलं, आजोबा जाऊन पंधरा रोज झाले. त्यायची सही होती त्या दरखास्तीवर, पन ती दरखास्त माह्यामुळंच फेटाळली गेली होती. आता नवीन दरखास्त, नवीन दोन गवाहीदार. अक्काचा जलम मालूम असनारं मानूस म्हनून मीच एकटी उरली.

तरी बी गेली अक्काकडं. ती अंगनात तुरी पाखडत होती. मी म्हनलं, अक्का चाल, कारकुनाच्या पाया पडू, मी अंगठा देते, होईन ते होईन. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"राहू दे, धाकले," म्हने. "पयल्यांदा खोटं बोलली तवा मी तुले थांबवलं का? सहा वर्षं त्या खोट्याची भाकर खाल्ली मी. मंग दुसऱ्यांदा बोलली तं तुले कोन्या तोंडानं बोलू?"

मी रडली. ती म्हने, रडू नको, तुरीत पानी पडते.

तवापासून ती मैदानावर गेली नाही. टीचर दोनदा येऊन गेली. अक्का तिले चहा देते, पोरीईची खुशाली इचारते, फारमाची गोष्ट काढली की उठून आत जाते. बूट धुवून संघपालच्या पोरीले देऊन टाकले. सडकेनं चालते अजून, पन आता बाकीच्या बायाईसारखी, बोलत बोलत, थांबत थांबत. गुडघे दुखतात का, इचारलं तं म्हने, नाही, घाई कायची हाय.

कागदानं तिले पंच्याहत्तरची व्हायले आनखी आठ वर्षं हायत. तवा ती खरी पंच्याऐंशीची आसंन. कधी कधी मी पडल्या पडल्या मोजते, आठ वर्षं, म्हनजे किती कापसाचे हंगाम, आन् वाटते की आपून तिचे पाय दाबून ठेवावे, तेल लावून, सांभाळून, तवरिक. पन पाय असे ठेवून राहत नसतात ना बाई.

आता वय लिही. सत्याहत्तर. कागदावरचं नको लिहू, मी सांगते तेच लिही.