शाईचा वास विरल्यावर

कोऱ्या करकरीत नोटेचा वास कधी घेतला आहे? शाईचा, किंचित उग्र, शाळेच्या नव्या पुस्तकांच्या वासाचा जणू थोरला भाऊच! नाशिकरोडच्या आमच्या घरात तो वास आप्पांच्या बोटांना असे. आप्पा, माझे वडील, नोटांच्या छापखान्यात तपासनीस होते. सदोष नोट हेरून बाजूला काढण्यात त्यांची हयात गेली. दिवसभर लक्ष्मी हाताखालून जायची, पण स्वतःचे पैसे आत न्यायची मुभा नसल्यामुळे खिसा मात्र कायम रिकामा. केवढं हे निर्मोही व्रत!

यंदा एका भाजीवालीनं त्यांची नोट परत केली. “बाबा, स्कॅन करा ना, सुट्टे नाय माझ्याकडं.” आप्पा ती तशीच मुठीत धरून घरी आले. मग म्हणाले, “जन्मभर केलं ते आता कुणाला लागतच नाही का गं?”

उन्हाळ्यात त्यांना भूतानला नेलं. त्या देशाचं स्वतःचं चलन आहे, तरी आपला रुपया तिथं त्याच्या बरोबरीनं, त्याच मोलानं चालतो. पारो गावात आम्ही लोकरीची टोपी घेतली, तेव्हा दुकानदार बाईंनी उरलेल्या पैशांत तिथल्या नोटांसोबत आपली दहाची एक जुनी नोट दिली. झालं! आप्पांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, उलटीपालटी केली, कडेवरून अंगठा फिरवला आणि सवयीनं बाजूला काढून ठेवली. जित्याची खोड! बाई ओशाळून दुसरी शोधू लागल्या.

आप्पा त्याहून ओशाळले. मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, की नोट खरी आहे, सवय माझी वाईट. अशा नोटा आमच्या गावी छापतात, मी त्या तपासायचो. बाई हसल्या. “इथे सगळे घेतात हो. कुणी तपासत नाही.”

कुणी तपासत नाही! सीमेवर आमची ओळखपत्रं दोनदा पाहिली होती, आणि हा चतकोर कागद मात्र हिमालय चढून निव्वळ विश्वासावर घराघरांत शिरला होता. परक्या मुलखानं नोटेवरचं आपलं वचन आपल्या माणसासारखं मानावं, याहून मोठा सन्मान कोणता?

ती नोट आठवण म्हणून घरी नेऊ, असं मी सुचवलं. आप्पांनी ती हुंगली. शाईचा मागमूस नव्हता. मठांतल्या लोण्याच्या दिव्यांचा धूर होता, ओल्या लोकरीचा वास होता. ती बाईंपुढे ठेवून त्यांनी चघळायला सुकवलेल्या चीजचा खडा मागितला, तोंडात दात नसताना!

“फिरू दे तिला,” म्हणाले, “अजून पुष्कळ चालेल.”

आणि छापखाना सुटल्यावर चालायचे तसे, रिकाम्या खिशानं, ताठ मानेनं चालू लागले.